हायब्रिड गाडीला अपघात झाला तर: खर्च कुठे वाढतो, कुठे वाढायला नको

आमच्या गॅरेजमध्ये ठोकलेली हायब्रिड गाडी आली की ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बॅटरी गेली का?" बहुतेक वेळा बॅटरी शाबूत असते आणि बिल भलत्याच ठिकाणी फुगते. ते कुठे, हे आधीच माहीत असलेले बरे.

तुमची गाडी कोणती हायब्रिड?

मारुतीच्या अर्टिगासारख्या 'स्मार्ट हायब्रिड' गाडीत १२ व्होल्टचीच यंत्रणा असते. बेल्टवर चालणारा स्टार्टर-जनरेटर आणि समोरच्या डाव्या सीटखाली छोटी लिथियम बॅटरी, एवढेच. डेंटिंग-पेंटिंगच्या दृष्टीने ही साधी पेट्रोल गाडी आहे. कोणी तुम्हाला 'हायब्रिड' म्हणून जादा मजुरी सांगितली, तर कारण विचारा.

हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराची स्ट्राँग हायब्रिड (मोठी बॅटरी आणि चाके फिरवणारी मोटर असलेली) मॉडेल, इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, इन्व्हिक्टो, होंडा सिटी ई:एचईव्ही या गाड्यांची गोष्ट वेगळी. हायरायडरची बॅटरी १७७.६ व्होल्टची, हायक्रॉसची २०१.६ व्होल्टची. बोनेटखाली दिसणाऱ्या नारिंगी केबल म्हणजे हाच दाब. पुढचा सगळा मजकूर या गाड्यांसाठी आहे.

रस्त्यावर असताना

गाडीचा आवाज येत नाही म्हणजे ती बंद आहे असे समजू नका. मीटरवर 'रेडी' दिवा असेल तर ती कोणत्याही क्षणी पुढे सरकू शकते. गिअर 'पी'वर (पार्क) टाका, पॉवर बटणाने बंद करा आणि चावी गाडीपासून दूर ठेवा. एअरबॅग उघडल्या असतील तर मुख्य रिले (मोठ्या बॅटरीचे स्विच) आपोआप वीज तोडतात. हलक्या धडकेत एअरबॅग उघडत नाहीत, त्यामुळे तेव्हा वीज चालूच असू शकते. तुटकी नारिंगी केबल दिसली तर हात लावू नका आणि मदतीला आलेल्यांनाही लावू देऊ नका.

टोइंग फ्लॅटबेडवरच करायचे. वर नाव घेतलेल्या गाड्यांची पुढची चाके मोटरला जोडलेली असतात. ती जमिनीवर फिरवत ओढली तर मोटर वीज तयार करू लागते आणि ट्रान्सअ‍ॅक्सल (मोटर आणि गिअरचा एकत्र भाग) खराब होऊ शकतो. दोर बांधून ओढत आणलेली गाडी आमच्याकडे पोचते तेव्हा अपघाताचे नुकसान कोणते आणि ओढण्याचे कोणते, हे वेगळे काढताना विमा कंपनीच्या सर्व्हेअरशी वाद होतो.

समोरची धडक: खरा खर्च इथे

बंपर, ग्रिल, हेडलाइट तर दिसतातच. त्यामागे एसीचा कंडेन्सर, इंजिनचा रेडिएटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलणारा भाग) थंड ठेवणारे कूलंट असते. इन्व्हर्टरच्या कूलंटचा मार्ग इंजिनपेक्षा वेगळा, त्याची टाकी वेगळी आणि पंप विजेवर चालणारा. तिथे बारीक गळती राहून गेली तर गाडी गॅरेजमधून चांगली निघते. मग घाटात चढावर इन्व्हर्टर तापतो आणि ताकद कापली जाते. म्हणून कूलंट भरल्यावर हवा काढणे आणि पंप स्कॅनरवरून (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावरून) चालवून बघणे आम्ही सोडत नाही.

एसीची चूक त्याहून महागात पडते. या गाड्यांचा कॉम्प्रेसर बेल्टवर नव्हे, उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याचे तेल वीजरोधक असावे लागते. कंडेन्सर बदलताना साध्या गाड्यांच्या एसीतले नेहमीचे पीएजी तेल गेले, किंवा गॅस भरायच्या मशीनमध्ये ते उरलेले होते, तर कॉम्प्रेसरचे इन्सुलेशन कमकुवत होते. गाडी वीज गळतीचा कोड दाखवते आणि काही वेळा सुरूच होत नाही. एसी बाहेरच्या कारागिराकडून करून घेणार असाल तर हा एक प्रश्न विचाराच.

मागून किंवा खालून मार

हायरायडर, ग्रँड व्हिटारा आणि सिटीची मोठी बॅटरी मागे, डिकीच्या भागात असते. हायक्रॉसची पुढच्या सीटखाली असते. म्हणून पहिल्या तिघींना मागची धडक आणि हायक्रॉसला खालून बसलेला दगड किंवा दुभाजक, हे तपासायचे. केसिंगला चेप आहे का, बसवण्याचे ब्रॅकेट वाकले का, पाणी शिरले का, केबलचे आवरण फाटले का हे आधी डोळ्यांनी पाहतो. मग मेगरने (वीजरोध मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन मोजतो आणि स्कॅनरवर सेल-गटांचे व्होल्टेज जुळवतो. हे कागदावर असल्याशिवाय 'बॅटरी बदला' हा सल्ला मान्य करू नका, आमचाही नाही.

पत्र्याला हात लावण्याआधी १२ व्होल्टची निगेटिव्ह काढतो, १००० व्होल्टचे हातमोजे घालून सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचे सर्किट तोडणारा प्लग) काढतो आणि तो काम करणाऱ्याच्याच खिशात राहतो. नंतर १० मिनिटे थांबून वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे झाल्याचे मीटरवर पाहतो. वेल्डिंग त्यानंतर. एस्टिमेटमध्ये 'आयसोलेशन' म्हणून मजुरीची जी ओळ दिसते ती याची.

विम्यातून किती, खिशातून किती

घसाऱ्याचा (भाग जुना म्हणून विमा कंपनी कापते त्या रकमेचा) नियम सगळ्या गाड्यांना सारखा: प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के; काचेवर शून्य; धातूच्या भागांवर वयानुसार. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला धातूवर १५ टक्के. रंगाचे एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के माल धरून त्यावर ५० टक्के कापतात.

समजा गाडी अडीच वर्षांची आहे. पत्रा आणि इतर धातू ६०,००० रुपये, प्लास्टिक ४०,००० आणि रंग २०,०००. तर कपात अनुक्रमे ९,०००, २०,००० आणि २,५०० होते. वर सक्तीची वजावट: १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यावर २,०००. म्हणजे हायरायडरला १,००० धरून ३२,५०० तुमच्या खिशातून. झिरो डेप (घसारा न कापणारे जादा विमा संरक्षण) असेल तर त्यातले ३१,५०० वाचतात, वजावट मात्र राहतेच. आजच्या गाडीचे नाक जवळपास सगळे प्लास्टिकचे, म्हणून झिरो डेप नसणे समोरच्या धडकेत सर्वांत जास्त टोचते.

मोठ्या बॅटरीला घसारा कसा लावणार, झिरो डेपमध्ये ती धरली आहे का, हे नूतनीकरणाच्या वेळी लेखी विचारून ठेवा. कंपनीची ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची बॅटरी वॉरंटी अपघाताच्या नुकसानीला लागू नाही.

आमचे पहिले एस्टिमेट बाहेरून पाहून दिलेले असते. बंपर उतरवल्यावर आणखी निघाले तर सर्व्हेअरला ते पुन्हा दाखवावे लागते. तोवर काम थांबते आणि त्यात दिवस जातात. घाई केली तर त्या भागाचा क्लेम अडकू शकतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते.

गाडी ताब्यात घेताना

कामाआधीचा आणि नंतरचा, असे दोन स्कॅन रिपोर्ट मागा. 'रेडी' लावून एसी पूर्ण जोरात १५ मिनिटे चालवा. ब्रेक दाबताना पायाला झटका किंवा पोकळपणा लागतो का बघा. या गाड्यांच्या ब्रेकमधली हवा बहुधा स्कॅनर जोडूनच काढावी लागते, आणि नुसता पेडल मारून काम उरकले असेल तर ते इथेच कळते. बॅटरीच्या हवेच्या जाळीवर मॅट किंवा सामान येत नाही ना, तेही पाहा.

बॅटरी बदललीच असेल तर जुनी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. आम्ही ती डीलरकडे जमा करून पावती बिलाला जोडतो.