6.5 क्रीडमूर .308 पेक्षा वेगवान नाही

डिसेंबरात अमेरिकेतली मंडळी सुट्टीला ठाण्यात आली की नेमबाजांच्या गप्पांत तिकडच्या हरणांच्या शिकारीचा विषय निघतोच. (आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते उत्तमच.) मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "क्रीडमूर घ्या, ती .308 पेक्षा फास्ट आहे." ऐकून ऐकून कान किटले.

.308 विंचेस्टर आणि 6.5 क्रीडमूर ही रायफलच्या काडतुसांची नावं; ती झाडणाऱ्या रायफललाही तेच म्हणतात. क्रीडमूर हॉर्नेडी या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीने 2007 मध्ये आणली, तीच मुळी लांबच्या टार्गेटसाठी. तिचा धक्का कमी, .308 ची नळी जास्त टिकते. एवढं पुरे.

आता वेग. हॉर्नेडीचीच मॅच, म्हणजे स्पर्धेची, काडतुसं घ्या. .308 ची 168 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला 2,700 फुटांनी निघते, क्रीडमूरची 140 ग्रेनची 2,710 ने. म्हणजे फरक नाहीच. पण 500 यार्डांवर पहिली 1,840 च्या आसपास उतरते, दुसरी 2,000 च्या. क्रीडमूरची गोळी बारीक आणि लांबुळकी, हवा तिला कमी अडवते.

खरी गफलत होते ती वाऱ्यात. गोळी जितका वेळ हवेत, तितकी ती वाहवते, असं सगळे धरून चालतात. तसं नाही. हवेच्या अडथळ्यामुळे जो जादा वेळ लागतो, तेवढाच मोजायचा. अडथळा नसता तर 500 यार्डांना दोघींना साधारण 0.55 सेकंद लागले असते. प्रत्यक्षात .308 ला 0.12 सेकंद जादा लागतात, क्रीडमूरला 0.09. ताशी 10 मैलांचा आडवा वारा म्हणजे सेकंदाला 176 इंच. गुणाकार करा: एक गोळी सुमारे 21 इंच सरकते, दुसरी 16.

ज्यांची नेमबाजी 10 मीटरच्या बंद हॉलमध्येच घडली, त्यांना हे पटकन पटत नाही. तिथे वारा कुठला? स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ज्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारातल्यांना विचारा. तिथल्या .22 रायफलीची ध्वनीपेक्षा हळू जाणारी मॅच गोळी हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाच्या, गोळीपेक्षा वाऱ्यात कमी सरकते, कारण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो. नुसत्या वेगावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे एकदा रेंजवर करून पाहावंच.

म्हणून 800 यार्डांच्या टार्गेटला मी डोळे झाकून क्रीडमूर सांगेन. हरणासाठी मात्र ही चर्चा निरर्थक आहे. 200 यार्डांवर त्याच वाऱ्यात दोघींतला फरक जेमतेम अर्धा इंच. घरात .308 असेल तर तीच न्या, फक्त गोळी शिकारीची घ्या, आत शिरल्यावर फुलणारी. मॅचची गोळी कागदावर छिद्र पाडायला बनते; जनावराच्या अंगात ती कसं वागेल याचा भरवसा नसतो. ती घेऊन हरणामागे जाणाऱ्याच्या हाती मी रायफलच देणार नाही.