काळा ब्रोच: जेट की व्हल्कनाइट?

व्हिक्टोरियन काळातले, शोकात घालायचे काळे दागिने विकायला असतात, तेव्हा विक्रेता सरसकट 'जेट' म्हणून मोकळा होतो. त्यातले बरेच जेट नसतात. काही काचेचे असतात. ते हाताला गार आणि जड लागतात, म्हणून लगेच कळतात. खरा घोळ होतो जेट आणि व्हल्कनाइटमध्ये. दोन्ही हलके, दोन्हींचा स्पर्श उबदार आणि घडणही तीच: फुलं धरलेला हात, क्रॉस, गेलेल्या माणसाचे केस ठेवायचं लॉकेट.

जेट म्हणजे मुळात लाकूड. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या गाळात दबून कोळशाच्या जातीचं झालेलं. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, व्हिटबीच्या आसपासच्या कड्यांत त्याचे पातळ थर सापडतात. व्हल्कनाइट मात्र कारखान्यातलं. रबरात भरपूर गंधक मिसळून तापवलं की ते कडक होतं. त्याचे कंगवे झाले, तंबाखूच्या पाइपची टोकं झाली, कवळीच्या हिरड्यासुद्धा झाल्या. शोकाचा दागिना आणि कवळी एकाच मालाची, हे तेव्हा कुणाला खटकलेलं दिसत नाही.

१४ डिसेंबर १८६१ला राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला. राणीने १९०१मध्ये स्वतः मरेपर्यंत काळे कपडे सोडले नाहीत. जेटला मागणी आधीपासून होतीच, पण आता ती इतकी वाढली की १८७०च्या दशकात व्हिटबीत हजारावर माणसं याच धंद्यात होती. विधवेने साधारण दोन वर्षं शोक पाळायचा, त्यातलं पहिलं वर्ष क्रेप नावाच्या निस्तेज काळ्या कापडात काढायचं, असा शिरस्ता होता. बायको गेलेल्या पुरुषाचं काही महिन्यांत भागायचं. त्याच राणीच्या राज्यात आपल्याकडे उच्चवर्णीय विधवेच्या अंगावरचे दागिने उतरवले जात होते. तिकडे इंग्लंडमध्ये विधवेसाठी वेगळे दागिने घडत होते. जाच दोन्हीकडे होता, पण तिथल्या जाचाला बाजारभावही होता.

आणि तो भाव सगळ्यांना परवडणारा नव्हता. जेटचा प्रत्येक नग कारागिराने कोरायचा. व्हल्कनाइट साच्यात दाबलं की झालं. कारकुनाच्या किंवा दुकानदाराच्या घरातही चारचौघांत शोभेल असा शोक दाखवायचा असे, तिथे हा माल गेला. म्हणून त्याला नुसतं 'नकली' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

ओळखायचं कसं? घासल्यावर कागदाचे कपटे ओढले जातात का, ही चाचणी इथे कुचकामी, दोन्ही ओढतात. तापलेली सुई टोचली तर जेटला कोळशाचा आणि व्हल्कनाइटला जळक्या रबराचा वास येतो खरा, पण दागिन्याला कायमचं भोक पडतं. त्यापेक्षा भिंग घ्या. जेटच्या कोरीवकामात धार असते, मागच्या बाजूला हत्याराचे ओरखडे सापडू शकतात. व्हल्कनाइटच्या कडा किंचित गोलसर असतात आणि कडेने कधी साच्याची बारीक रेघ दिसते. बोटाने जोरात चोळून हुंगलं तर पुष्कळदा गंधकाचा वासही येतो.

सगळ्यात बोलकी खूण रंगाची. जेट दीडशे वर्षांनंतरही काळंच राहतं. व्हल्कनाइट उजेडाने आणि दमटपणाने तपकिरी, खाकी होत जातं. ब्रोच उलटा करून पिनेखालचा भाग बघा: पुढची बाजू चहाच्या रंगाची आणि झाकलेली जागा अजून काळी असेल, तर ते व्हल्कनाइट. अर्थात अंधाऱ्या पेटीत राहिलेला नग काळाभोर असू शकतो, तेव्हा नुसत्या काळेपणावर पैसे मोजू नका.

घेतलंच, तर व्हल्कनाइट गरम पाण्यात बुडवू नका, नाहीतर उरलेला काळा रंगही जाईल.