मधुमेहात स्टॅटिन: एलडीएल ‘नॉर्मल’ असताना गोळी कशाला?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही लॅबचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट घ्या. उजवीकडच्या रकान्यात एलडीएलची, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलची, मर्यादा कुठे १०० छापलेली असते, कुठे १३०. मधुमेह असलेल्या माणसाचा आकडा ११२ आला, १३० वाल्या रिपोर्टवर त्याला लाल खूण नाही, आणि तरी डॉक्टरांनी चिठ्ठीवर ॲटोर्व्हास्टॅटिन १० हे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, लिहिलं, की घरात वाद सुरू होतो: “कोलेस्टेरॉल तर बरोबर हाय, मग गोळी काहून?” प्रश्न रास्त आहे. घोटाळा आहे तो छापील रकान्यात. तो सरसकट सगळ्यांसाठी असतो, मधुमेह्यांसाठी वेगळा छापलेला नसतो.

एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. एलडीएलचा आकडा सांगतो तो त्या कणांमध्ये भरलेल्या कोलेस्टेरॉलचं वजन. कण किती आहेत ते सांगत नाही. टाइप २ मधुमेहात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) बऱ्याचदा चढलेलं आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) उतरलेलं असतं, आणि अशा रक्तात एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, म्हणून तेवढ्याच आकड्यात कण जास्त. रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरून साचतात ते कण.

याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. समजा एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २१०. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: १९० मधून ३६ वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ४२, वजा. उरले ११२. आता फक्त एचडीएल वजा करा. १९० वजा ३६ म्हणजे १५४. हे झालं नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल, आणि मधुमेहात हा आकडा जास्त बोलका. एलडीएलचं लक्ष्य ७० च्या खाली असेल तर नॉन-एचडीएलचं १०० च्या खाली. ११२ बघून निश्चिंत झालेला माणूस १५४ बघून जरा थांबतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की वरचं गणित कोलमडतं. तेव्हा उपाशीपोटी पुन्हा तपासावं आणि लॅबला ‘डायरेक्ट एलडीएल’ मागावं.

मग निर्णय कशावर? एलडीएल किती यापेक्षा हृदयविकाराचा एकूण धोका किती, यावर. मधुमेह्यांवरच झालेली ‘कार्ड्स’ ही चाचणी इथे सर्वात उपयोगी आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधले २,८३८ रुग्ण, वय ४० ते ७५, टाइप २ मधुमेह, हृदयविकार किंवा पक्षाघात पूर्वी कधी झालेला नाही. सोबत रक्तदाब, धूम्रपान, डोळ्याच्या पडद्यावरचा परिणाम किंवा लघवीतून प्रथिनं जाणं, यांपैकी किमान एक गोष्ट. त्यांचं सरासरी एलडीएल ११७ च्या आसपास होतं, म्हणजे आपल्या वादातल्या रिपोर्टसारखंच. अर्ध्यांना ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, अर्ध्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी थांबवली. निकाल २००४ मध्ये आला: मोठे झटके ३७ टक्क्यांनी कमी.

३७ टक्के हा आकडा ऐकायला दणदणीत आहे, पण एकट्याने तो फसवतो. साध्या, औषध नसलेल्या गोळीच्या गटात सुमारे चार वर्षांत १०० पैकी ९ जणांना हृदयाचा किंवा मेंदूचा मोठा झटका आला. स्टॅटिनच्या गटात जवळपास ६ जणांना. पूर्ण चार वर्षांच्या नेमक्या हिशेबाने २७ जणांनी गोळी घेतली की एकाचा पहिला झटका टळतो. बाकीच्या २६ जणांना तेवढ्या काळात काही फरक जाणवत नाही, आणि तो एक कोण हे कुणालाच आधी सांगता येत नाही. हा सौदा घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं; पण ठरवताना समोर ३७ असावा आणि २७ सुद्धा. मधुमेहासोबत रक्तदाब आणि तंबाखू असलेल्या ५५ वर्षांच्या माणसाने नाही म्हणण्याचं सबळ कारण आम्हाला दिसत नाही. एकदा झटका येऊन गेलेला असेल, अँजिओप्लास्टी झालेली असेल, तर चर्चा गोळी घ्यावी का यावर होतच नाही. डोस किती यावर होते, आणि लक्ष्य ५५ च्या खाली जातं.

मधुमेहात ४० ते ७५ या वयात मध्यम डोसचं स्टॅटिन सुचवलं जातं, एलडीएल कितीही असो. चाळिशीच्या आत मधुमेह जुना असेल किंवा वर सांगितलेल्या धोक्यांपैकी काही असेल तर विचार होतो. पंचाहत्तरीनंतर आधीपासून चालू असलेली गोळी सहसा चालू ठेवतात. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना आधी सांगावं. या काळात गोळी सहसा बंद करतात. आणि डायलिसिसवर असलेल्या मधुमेह्यांमध्ये स्टॅटिन नव्याने सुरू करून ठळक फायदा दिसलेला नाही. जर्मनीतल्या ‘फोर-डी’ चाचणीने २००५ मध्ये हे दाखवलं.

गोळी करते काय? यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम अडवते. उत्पादन घटलं की यकृताच्या पेशी रक्तातले एलडीएलचे कण ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) पृष्ठभागावर वाढवतात. खरी घट या ओढण्यामुळे होते. आहाराने एवढं का होत नाही, याचं उत्तरही इथेच आहे: शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल घरचंच उत्पादन असतं. सावजी रस्सा आणि पोह्यांवरची तर्री कमी केल्याने वजन, ट्रायग्लिसराइड आणि शुगर यांना नक्की फायदा होतो. पण एलडीएल ११२ वरून ७० च्या खाली नुसत्या पथ्याने आणणं बहुतेकांना जमत नाही. शुगर आटोक्यात आली की ट्रायग्लिसराइड छान उतरतं. एलडीएल फारसं हलत नाही.

मध्यम डोस म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिन १० ते २० किंवा रोसुव्हास्टॅटिन ५ ते १० मिलिग्रॅम. याने एलडीएल ३० ते ४९ टक्के उतरतं. डोस दुप्पट केला की घट मात्र आणखी सुमारे ६ टक्क्यांचीच, म्हणून नुसता डोस चढवत जाण्यापेक्षा इझेटिमिब (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारं औषध) १० मिलिग्रॅम जोडणं बऱ्याचदा शहाणपणाचं. आशियाई लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनची पातळी साधारण दुप्पट चढते, म्हणून सुरुवात ५ ने करावी. मूत्रपिंड बरंच कमजोर असेल तर रोसुव्हास्टॅटिन १० च्या वर नेत नाहीत. ॲटोर्व्हास्टॅटिनचा डोस त्यासाठी बदलावा लागत नाही. ही दोन्ही दिवसात कधीही घेता येतात, रात्रीचा नियम जुन्या सिम्व्हास्टॅटिनचा. फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध) जोडलेली गोळी हातात आली तर कारण विचारा: ‘अकॉर्ड’ चाचणीत मधुमेह्यांना स्टॅटिनसोबत ते देऊन एकूण झटके कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर गोष्ट निराळी, तिथे स्वादुपिंड वाचवायचं असतं.

आता भीतीचं. “या गोळीनं शुगर वाढते म्हणतात न जी?” वाढते, थोडी. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ०.१ ते ०.३ टक्क्यांनी. ७.२ चं ७.४ होईल, ते औषधात किंवा चालण्यात सावरता येतं, टळलेला झटका त्याहून फार मोठा. यकृताची धास्ती याहून जास्त पसरलेली आणि तिला आधार कमी. मधुमेह्यांत फॅटी लिव्हर सर्रास असतं, त्यामुळे एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) थोडं चढलेलं असणं हे गोळी नाकारण्याचं कारण नाही. मर्यादेच्या तिपटीवर जाऊन तिथेच राहिलं तर फेरविचार.

स्नायूंचं दुखणं खरं असतं, पण त्याचं कारण बहुधा गोळी नसते. लंडनमध्ये गोळी सोसत नाही म्हणून सोडलेल्या ६० जणांना वर्षभर काही महिने स्टॅटिन, काही महिने साधी गोळी, काही महिने रिकामी बाटली दिली. त्रासाचे गुण गोळी नसताना ८, साध्या गोळीवर १५.४, स्टॅटिनवर १६.३. म्हणजे बहुतेक त्रास गोळी घेण्याच्या अपेक्षेतून आला होता. तरी तपासायचं कसं? दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखेच दुखत असतील आणि गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच लागलं असेल, तर डॉक्टरांना सांगून सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात चढणारं एन्झाइम) तपासा, गोळी दोन ते चार आठवडे थांबवा, मग पुन्हा सुरू करा. थांबवल्यावर गेलं आणि सुरू केल्यावर परतलं, तर गोळीच. मग दुसरं स्टॅटिन किंवा कमी डोस. एकाच गुडघ्याचं दुखणं गोळीच्या माथी मारू नये. मे महिन्यात पारा ४५ वर असताना पोटऱ्यांत येणारे वांब बऱ्याचदा घामातून गेलेल्या पाण्या-मिठाचे असतात. पण अंग गळून गेलं, जिने चढवेनात, लघवी गडद चहासारखी झाली, तर वाट न बघता गोळी बंद करून दवाखाना गाठा. हे क्वचित होतं, पण मूत्रपिंडाला घातक आहे.

सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकदा बघावंच. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल त्यानेच चढतं, आणि त्यावर स्टॅटिन दिलं की स्नायूंचा त्रासही वाढतो. दुसरी अडचण इतर औषधांची. गजकर्णावर सर्रास दिलं जाणारं इट्राकोनॅझोल आणि छातीच्या संसर्गावरचं क्लॅरिथ्रोमायसिन हे दोन्ही सिम्व्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी चढवतात. त्वचेच्या डॉक्टरांना स्टॅटिनचं सांगायचं राहून जातं, ते सांगा.

आणि संत्रं? गोळीच्या पत्रकावर ग्रेपफ्रूटची सूचना असते, ती वाचून नागपुरात संत्रं सोडणारे भेटतात. ग्रेपफ्रूटमध्ये आणि त्याच्या नातलग पपनसात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतात. आपल्या संत्र्यात ती नगण्य असतात. संत्रं खा, मात्र रस नको, फोडी खा, ते शुगरसाठी.

पुढची तपासणी ६ ते १२ आठवड्यांनी. ११२ चं ७० च्या आसपास आलं तर गोळी लागू पडली. अजिबात हललं नसेल तर डोस वाढवण्याआधी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा. आणि आकडा उतरला म्हणून कुणी गोळी बंद केली, तर साधारण महिन्या-दीड महिन्यात तो जुन्या जागी परत येतो.