थकलेय की डिप्रेशन आलंय? विशेष मुलांच्या आईबाबांसाठी

शाळेच्या गेटवर आपण आया उभ्या असतो ना, तिथे कुणालाही विचारा कशी आहेस, उत्तर ठरलेलं, "थकलेय गं". मी पण कित्येक वर्षं हेच म्हणत होते, आणि त्यातलं शेवटचं वर्ष तो थकवा नव्हताच, डिप्रेशन होतं, ते फार उशिरा कळलं म्हणून लिहितेय.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे, आंघोळ, दाढी, शर्टाची बटणं सगळं अजून मीच बघते, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. एकदा बहीण त्याला दोन दिवस सिन्नरला घेऊन गेली. मी नाशिकच्या सिडकोतल्या घरी दार लावून बारा तास झोपले, उठले तर चक्क मिसळ खावीशी वाटली, मैत्रिणीला ओढून नेलं, आणि तो परत आला तेव्हा त्याला कधी बघते असं झालं होतं. हा थकवा.

तीन वर्षांनी बहिणीने परत नेलं. घर तसंच शांत, पण मी पलंगावर नुसती पडून, डोळ्याला डोळा नाही. नवऱ्याने मिसळ घरी आणून दिली, दोन घास पण गेले नाहीत. मुलगा परत आला तरी काहीच वाटलं नाही, ना बरं ना वाईट. हे डिप्रेशन.

म्हणजे थकव्यात झोप मिळत नाही, डिप्रेशनमध्ये मिळाली तरी लागत नाही. (काहींना उलट खूप झोप येते, पण उठल्यावर ताजं वाटत नाही.) थकलेली बाई म्हणते मला कुणीतरी दोन तास सोडवा, डिप्रेशनमधली म्हणते माझ्यामुळेच हा असा झाला. हे दुसरं वाक्य फार खोटं आहे हो. उदाहरणार्थ डाऊन सिंड्रोममध्ये 21 व्या क्रोमोझोमची जादा कॉपी येते ती बहुतेक वेळा निव्वळ योगायोगाने, आईने काय खाल्लं, ग्रहणात काय केलं याचा काडीचा संबंध नाही, पण त्या अवस्थेत हे कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही.

डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा हिशोब धरतात. दिवसातला बराचसा वेळ, जवळपास रोज, मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली, तर दाखवून घ्यायचं. आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी12 पण तपासून घ्या, त्यानेही माणूस असंच गळून जातं. बाबा लोकांमध्ये हे रडण्यातून कमी आणि चिडचिड, दारू, कंपनीतून मुद्दाम उशिरा येणं यातून जास्त दिसतं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे कितीतरी बाबा असे असतील, त्यांना कुणी विचारतच नाही.

"आमच्यानंतर याचं कोण" ही काळजी मात्र आजार नाही, ती खरी आहे आणि तिच्यावर काम करता येतं. नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 चा आहे, त्याखाली आपल्या मुलांना अठरानंतर कायदेशीर पालक नेमता येतो, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून. आम्ही कागद जमवायला घेतलेत. पण "मी जाताना याला पण घेऊन जाईन" असं मनात आलं तर ती काळजी नव्हे, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, एकटं राहायचं नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

थकव्याला माणसं लागतात. आम्ही तिघी शनिवारी आळीपाळीने मुलं सांभाळतो, एवढ्याने पण फरक पडतो. डिप्रेशनला सुट्टी पुरत नाही, समुपदेशन लागतं, कधी गोळ्या, आणि गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, मध्येच आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

माझ्या बाबतीत दोन्ही एकावर एक बसलं होतं. गोळ्या सुरू झाल्यावर दीडेक महिन्याने एका संध्याकाळी पाय भरून आले, कंबर धरली, आणि कितीतरी दिवसांनी वाटलं की आता मस्त झोपावं. बहिणीला लगेच फोन लावला, म्हटलं शनिवारी ये, ने त्याला दोन दिवस.