आमच्याकडून उडती प्रॉपर्टी (रंगमंचावर दोऱ्याने टांगायच्या वस्तू) भाड्याने नेणाऱ्या नाट्यसंस्थांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत प्रयोगाच्या सकाळी हमखास फोन येतो, "गरुड चोच खाली घालून लटकतोय, लवकर या." सभागृहात येऊन बघावं तर चोचीला पितळी घुंगरू बांधलेले, पंखांवर रंगाचा आणखी एक हात, आणि पाठीवर एलईडीची पट्टी बॅटरीसकट चिकटवलेली.

वस्तू नेल्यावर तिच्यावर काहीही वाढवू नका, ही कळकळीची विनंती. बांबूच्या कामट्या आणि थर्माकोलचा गरुड किलोभरही भरत नाही, त्यामुळे शंभर ग्रॅमच्या बॅटरीनेही त्याचा तोल जातो. वजनाचा मध्य शोधून आम्ही कड्या बसवतो, त्याही आतल्या कामट्यांच्या सांगाड्याला. तोल गेला की घाईघाईत कुणीतरी थर्माकोललाच भोक पाडून दोरा ओवतं, आणि ऐन प्रवेशात तो दोरा थर्माकोल कापत बाहेर येतो. खाली तुमचेच नट उभे असतात. दिवा, झालर, घुंगरू जे हवं ते ऑर्डर देतानाच सांगा. सगळ्यासकट तोलून देऊ, तोलण्याचे वेगळे पैसे नाहीत. रंग बदलायचाच असेल तर पाण्यात मिसळणारा घ्या. स्प्रेच्या डब्यातला रंग थर्माकोल खातो.

"तंगूस आमच्याकडे आहे, फक्त गरुड द्या," असंही बरेच जण म्हणतात. तंगूस म्हणजे टांगायचा नायलॉनचा पारदर्शक दोरा. आम्ही तसं देत नाही. किती वजन पेलेल हा पाकिटावरचा आकडा बिनगाठीच्या, नव्या दोऱ्याचा असतो. साध्या गाठीपाशी ताकद निम्म्यापर्यंत उतरते. म्हणून वस्तूच्या वजनाच्या दहापट पेलणारे दोन दोरे आम्ही देतो, एक तुटला तरी दुसऱ्याने धरावं असे. ते बारला (रंगमंचावरच्या आडव्या नळीला) दोन वेगळ्या जागी, सरळ उभे बांधा, म्हणजे वस्तू गरगरत नाही. एकाच जागी बांधून फाकवले तर ताण वाढतो. दोघांत 120 अंशांचा कोन झाला की प्रत्येकावर अख्खं वजन येतं. दोऱ्याचं विंगेतलं टोक कुणाच्या हातात ठेवू नका, खुंटीला पक्कं बांधा. हॅलोजनपासून लांब टांगा, थर्माकोल लगेच पेटतो.

मे महिन्यातल्या बालनाट्य शिबिरांसाठी एवढंच, की नागपूरच्या उन्हात बंद गाडीत वस्तू ठेवू नका, ग्लू गनचे सांधे सुटतात.

शहरातल्या सभागृहांत रंगीत तालमीला आमचा माणूस येऊन वस्तू टांगून देतो, हे भाड्यातच धरलेलं आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) दौरा असेल तर पंख सुटे होणारा गरुड मागा, टेम्पोत आडवा मावतो.