डिशवर दुसऱ्या शहराची लोकल चॅनेल्स: अर्ज कुठे अडतो

अमेरिकेत डिश किंवा डायरेक्टीव्ही या कंपन्यांची सॅटेलाइट टीव्ही सेवा घेऊन दुसऱ्या शहराची एबीसी, एनबीसी, सीबीएस, फॉक्स या मोठ्या नेटवर्कची चॅनेल्स मागणाऱ्यांनी एक गोष्ट आधी ऐकावी. ‘लोकल स्टेशनकडे वेव्हर (दूरचं चॅनेल घ्यायला लेखी संमती) मागा, ३० दिवस थांबा, उत्तर आलं नाही तर मंजूर’ ही पद्धत बंद झाली आहे. जुन्या माहितीत ती अजून सापडते आणि लोक मन लावून पत्रं लिहीत बसतात. कंपनीच्या फोनवरचा माणूसही ‘नियमात बसत नाही’ एवढंच सांगतो. नियम बदललाय हे सांगायला त्याचं काय जातं, कोण जाणे.

१९८८ च्या कायद्याने सॅटेलाइट कंपन्यांना दूरच्या शहरांची नेटवर्क चॅनेल्स द्यायची मुभा दिली, पण ज्यांच्या घरी साध्या अँटेनावर पुरेसा सिग्नल येत नाही अशांनाच. त्यावरूनच वेव्हर, सिग्नलची मोजणी वगैरे आलं. पुढे १९९९ मध्ये प्रत्येक गावाला त्याचीच लोकल चॅनेल्स सॅटेलाइटवरून देण्याची परवानगी मिळाली आणि दूरच्या चॅनेल्सची गरज कमी होत गेली. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने दूरच्या चॅनेल्सची तरतूद कायमची केली, पण अगदी अरुंद करून. जुन्या ग्राहकांना ३१ मे २०२० पर्यंत मुदत होती. आता पात्र दोनच प्रकारचे लोक: आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) किंवा व्यावसायिक ट्रकमध्ये डिश वापरणारे, आणि ज्यांच्या बाजारात (एका शहराच्या स्टेशनांना नेमून दिलेल्या भागात) चार मोठ्या नेटवर्कपैकी एखादं कुठल्याच लोकल स्टेशनच्या मुख्य चॅनेलवर दिसत नाही असे. वर अट अशी, की कंपनीने देशातल्या सगळ्या २१० बाजारांत लोकल चॅनेल्स दिली पाहिजेत. म्हणून कागद गोळा करण्याआधी ‘तुम्ही दूरची नेटवर्क चॅनेल्स देता का?’ हे कंपनीलाच विचारा.

निवृत्तीनंतर आरव्ही घेऊन देशभर फिरणारी, किंवा ट्रक चालवणारी आपली जी मंडळी आहेत, त्यांचे अर्ज तीन जागी अडतात.

पहिली जागा, गाडीची नोंदणी. कायद्याला राज्याची चालू नोंदणी हवी. विक्रेत्याने दिलेली पावती म्हणजे नोंदणी नव्हे. ट्रकवाल्यांना याच्या जोडीला चालू सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहन परवान्याची प्रतही लागते. गाडी मुलाच्या नावावर आणि डिशचं खातं वडिलांच्या नावावर, हे आपल्याकडे सर्रास असतं. ते अर्जाआधीच सरळ करून घ्या.

दुसरी जागा, सही करायचं प्रतिज्ञापत्र, आणि ते वाचून सही करणारे फार थोडे. त्यात लिहिलेलं असतं की डिश गाडीला कायमची जोडलेली आहे आणि कुठल्याही स्थिर घरात वापरली जाणार नाही. कॅम्पग्राउंडवर गवतात तिकाटणं रोवून त्यावर डिश ठेवणाऱ्यांनी इथे थांबावं. ती डिश गाडीला जोडलेली नाही आणि तुम्ही मात्र ‘जोडलेली आहे’ असं लिहून देताय. एकाच जागी कायम उभं असलेलं मोबाइल होमही चालत नाही, मग त्याला चाकं असोत वा नसोत. कायद्याच्या लेखी ते स्थिर घर आहे.

तिसरी जागा, मुदत. सेवा दोन वर्षांपुढे चालू ठेवायची तर ताजी कागदपत्रं आणि नवं प्रतिज्ञापत्र लागतं, तेही दोन वर्षं संपण्याआधीच्या ९० दिवसांत. बरेच जण गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण झालं म्हणजे हेही झालं असं धरून चालतात. या दोन्हींचा काही संबंध नाही. कंपनीचं पत्र कायमच्या पत्त्यावर येतं, तुम्ही ॲरिझोनात असता, आणि एक दिवस चॅनेल गायब होतं. तारीख स्वतःच लिहून ठेवा.

आणि इतकं करून मिळतात ती बहुधा न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसची स्टेशनं. जुन्या गावच्या बातम्यांसाठी हा खटाटोप करणार असाल तर आधीच विचार करा. मराठी-हिंदी चॅनेल्सच्या पॅकेजला यातलं काहीच लागू नाही, त्यासाठी कुणी तुमच्याकडून प्रतिज्ञापत्र मागत असेल तर नीट चौकशी करा.

घरात राहणाऱ्यांसाठी एक वेगळा रस्ता उरतो, पण तो एकट्याने चालायचा नाही. काही काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारखे भाग) दुसऱ्या राज्यातल्या शहराच्या बाजारात टाकलेल्या आहेत. कोलोरॅडोतली ला प्लाटा काउंटी न्यू मेक्सिकोच्या अल्बुकर्की बाजारात होती, म्हणजे लोकांना स्वतःच्या राज्याच्या निवडणुकीच्या बातम्याच नाहीत. २०१४ च्या कायद्याने सॅटेलाइटसाठी बाजाराची हद्द बदलून मागायची सोय केली. ला प्लाटाच्या काउंटी सरकारने अर्ज केला आणि २०१७ मध्ये एफसीसीने, म्हणजे टीव्ही-रेडिओचं नियमन करणाऱ्या केंद्रीय आयोगाने, कोलोरॅडोतल्याच डेन्व्हरच्या स्टेशनांसाठी तो मंजूर केला. अर्ज करू शकतात काउंटी सरकार, स्टेशन किंवा सॅटेलाइट कंपनी. तुम्ही-आम्ही नाही. काउंटी कमिशनरांना भेटा, शेजाऱ्यांना सोबत घ्या. एफसीसीने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

इथेही एक मेख आहे. मंजुरी मिळाली तरी त्या शहराची चॅनेल्स ठराविक भागापुरती पाठवणारा सॅटेलाइटचा झोत तुमच्या काउंटीवर पडत नसेल, तर कंपनी हे तांत्रिक किंवा आर्थिकदृष्ट्या शक्य नाही असं म्हणू शकते. म्हणून काउंटीने अर्ज भरण्याआधीच कंपनीकडून त्याबद्दलचं लेखी प्रमाणपत्र मागवावं. नाहीतर निकाल हातात आणि पडदा कोरा.

मित्राचा पत्ता देऊन दुसऱ्या शहराची चॅनेल्स घ्यायचा सल्ला कुणीतरी देईलच. करू नका. करार मोडतो, आणि झोताच्या बाहेर असाल तर पैसे भरूनही काही दिसत नाही. शेजारचं शहर जवळ असेल तर छतावर चांगला अँटेना बसवा. हवेतून येणाऱ्या सिग्नलला कुणाची परवानगी लागत नाही, पत्ताही कुणी विचारत नाही.