विशेष आकारणी आणि नगर-सनदेतील दुरुस्ती

विशेष आकारणी : रस्ता, मलवाहिनी, जलवाहिनी, पदपथ अशा सार्वजनिक कामामुळे ज्या जमिनींचे मोल वाढते, त्यांच्या मालकांकडूनच कामाचा खर्च पूर्णतः वा अंशतः वसूल करण्याची अमेरिकी शहरांतील पद्धत. न्यूयॉर्क वसाहतीच्या 1691 च्या कायद्यात ती आढळते. मालमत्ता कर साऱ्या शहरावर बसतो. विशेष आकारणी फक्त लाभ झालेल्या भूखंडांवर बसते आणि तीही लाभापुरतीच. तिच्यावरचे बहुतेक खटले या ‘लाभापुरतीच’वरून लढले गेले आहेत.

स्वशासनाचा अधिकार असलेल्या शहराला स्वतःची सनद, म्हणजे कारभाराचा स्वतःचा मूलभूत कायदा, असते. मिसूरी राज्याच्या 1875 च्या संविधानाने हा मार्ग खुला केला आणि पुढच्याच वर्षी सेंट लुइसने आपली सनद संमत केली. आकारणी कोणत्या कामांसाठी करायची, खर्चाची वाटणी कशी करायची, किती मालकांनी मागणी केली तर काम हाती घ्यायचे, हे अनेक शहरांच्या सनदेतच लिहिलेले असते. साधा स्थानिक नियम नगरपरिषद बहुमताने बदलू शकते. सनदेच्या दुरुस्तीसाठी मात्र बहुधा नागरिकांचे मतदान लागते. त्यामुळे एखाद्या मोठ्या गृहप्रकल्पाच्या घाईत नियम वाकवता येत नाहीत; पण कालबाह्य झालेला नियमही वर्षानुवर्षे तसाच राहतो.

ओहायोतील नॉरवुड गावाचा खटला या विषयात आजही वाचण्यासारखा आहे. गावाने रस्त्यासाठी एका महिलेच्या जमिनीतून पट्टा घेतला, भरपाई म्हणून 2,000 डॉलर दिले आणि मग तीच रक्कम कोर्टखर्चासह तिच्याच उरलेल्या जमिनीवर आकारली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचाच हा प्रकार होता. 1898 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की लाभापेक्षा लक्षणीय जास्त आकारणी म्हणजे भरपाईविना मालमत्ता घेणेच होय. तीनच वर्षांनी, 1901 मध्ये, कॅन्सस सिटीच्या सनदेतील पद्धत याच न्यायालयाने ग्राह्य धरली. तेथे रस्ता फरसबंद करण्याचा खर्च प्रत्येक भूखंडाच्या रस्त्याकडील लांबीप्रमाणे, फुटावर वाटला जात असे. म्हणजे सनदेत ठरलेले ठोकताळ्याचे माप चालते, मात्र त्याच्या आडून मनमानी चालत नाही.

विकासकांच्या बाबतीत प्रश्न वेगळाच होतो. आकारणी बसते तेव्हा साऱ्या जमिनीचा मालक एकटा विकासक असतो. आकारणीचे हप्ते भरणारी कुटुंबे नंतर राहायला येतात. 1920 च्या दशकातील जमिनींच्या तेजीत अनेक शहरांनी रोखे काढून रिकाम्या ले-आउटमध्ये रस्ते आणि मलवाहिन्या टाकल्या. मंदी आल्यावर आकारण्या थकल्या, भूखंड ओस पडले आणि रोख्यांचे ओझे शहरांच्या गळ्यात आले. त्यानंतर विकासकानेच पायाभूत सुविधा बांधून द्याव्यात किंवा परवानगीच्या वेळी शुल्क भरावे, ही रीत वाढत गेली. 

कॅलिफोर्नियात मतदारांनी संमत केलेल्या 1996 च्या 218 व्या प्रस्तावाने सनदधारी शहरांसह सर्व स्थानिक संस्थांना बांधून घेतले : आकारणीआधी प्रत्येक मालकाला मतपत्रिका पाठवायची, मतांचे वजन त्याच्यावर येणाऱ्या रकमेप्रमाणे मोजायचे आणि विरोध भारी पडला तर आकारणी रद्द. पण जमीन अजून एकाच विकासकाची असेल, तर ही मतपत्रिका त्याच्याच हाती पडते आणि भावी घरमालकाचा आवाज तिच्यात उमटत नाही. सनदेत दुरुस्ती करताना सर्वाधिक विचार व्हायला हवा तो याच पोकळीचा.

मिनेसोटाची व्यवस्था बारकाईने पाहावी अशी आहे. तेथे राज्याच्या कायद्यात स्थानिक सुधारणांवर स्वतंत्र प्रकरण आहे. सनदधारी शहर एरवी त्या प्रकरणाप्रमाणे किंवा स्वतःच्या सनदेप्रमाणे, दोन्हींपैकी कोणत्याही वाटेने जाऊ शकते. मात्र 17 एप्रिल 1953 नंतरच्या सनदेत किंवा दुरुस्तीत एकच वाट सक्तीची ठरवता येते. दुरुस्ती मतदानाला गेल्यास 51 टक्के मते लागतात. सनद आयोगाने, म्हणजे सनदेचा आणि तिच्यातील बदलांचा विचार करणाऱ्या मंडळाने, शिफारस केली आणि परिषदेचे सर्व सदस्य एकमताने राजी झाले, तर मतदानाविनाही ती होऊ शकते, पण त्यानंतर ठरावीक मुदतीत नागरिक अर्ज करून मतदान मागू शकतात. परिषदेने स्वतःहून काम काढले, मालकांची मागणी नसली, तर चार-पंचमांश मते आवश्यक असतात. विकासकाने शहराशी केलेल्या करारात आकारणीविरुद्ध अपील न करण्याचे कबूल केले असले, तरी ती कबुली करारात ठरलेल्या रकमेपुरतीच चालते. 2018 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वुडबरी शहराला नव्या वसाहतीच्या मंजुरीसाठी भविष्यातील रस्त्यांचे शुल्क मागण्यापासून रोखले, कारण राज्याच्या कायद्याने असा अधिकार दिलेलाच नव्हता.

महाराष्ट्रात नगर-सनद नाही. मुंबई महानगरपालिका 1888 च्या अधिनियमावर चालते आणि बदल विधिमंडळातून येतात. कल्पना मात्र ओळखीची आहे. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात नगररचना योजनेचा खर्च भूखंडांच्या वाढलेल्या मूल्यातून घेता येतो, पण त्या वाढीच्या निम्म्यापर्यंतच. त्यापलीकडचा खर्च नियोजन प्राधिकरणाने सोसायचा असतो. 1992 मध्ये याच अधिनियमात विकास शुल्काचे प्रकरण घालण्यात आले.